कासार्ड्याचे दोन हंगाम

कामतघर, भिवंडी
१३ नोव्हेंबर २००६

आदरणीय साहेबकाका,

मी अफीफा, तुमच्या हाताखाली बावीस वर्षं काम केलेल्या हसन खर्बेंची मुलगी. आम्ही नागपूरला क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा मी तुम्हाला याच नावाने हाक मारायची. तुमचं खरं नाव मी अब्बांच्या पेन्शनच्या कागदांतून शोधलं आणि पाकिटावर घातलं. चुकलं असेल तर माफ करा.

अब्बांना या पत्राबद्दल काही ठाऊक नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोललं की सगळ्यांना ऐकू जातं, आणि डॉक्टरांनाही सगळं लेखी हवंय, म्हणून लिहिते आहे.

अब्बांना चार महिने खोकला आहे. ईदच्या नव्या कपड्यांत ते हरवल्यासारखे दिसत होते, एवढं वजन उतरलंय. इथल्या छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. दोन्ही फुफ्फुसांत वरच्या बाजूला डाग आहेत. टीबी असेल म्हणून थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. मग त्यांनी विचारलं, काम काय करायचे? अम्मी म्हणाली, सरकारी खात्यात होते, जमिनीत कुठे काय आहे त्याचे नकाशे करायचे. अब्बा हसून म्हणाले, "नकाशे साहेब लोक करायचे. मी खलाशी, म्हणजे सर्व्हेतला मजूर. दगड कुटायचो, मग जीप चालवायला लागलो." हे ऐकलं आणि डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं.

मला बाजूला बोलावून त्यांनी सांगितलं की काही दगडांची धूळ छातीत बसली तर वीस वर्षांनीसुद्धा फुफ्फुस दगडासारखं होत जातं, आणि त्यावर औषध नाही. पण सगळ्याच दगडांनी तसं होत नाही. कुठला दगड, किती दिवस, बंद जागेत की उघड्यावर, हे कळल्याशिवाय ते पुढचं काही ठरवणार नाहीत. अब्बांना विचारलं तर म्हणतात, दगड तो दगड, त्यात काय सांगायचं.

तुम्ही रोज डायरी लिहायचात हे मला आठवतं. अब्बा कुठल्या वर्षी कुठल्या जिल्ह्यात होते आणि तिथे काय कुटत होते, एवढं लिहून पाठवाल का? मी इथल्या मराठी शाळेत शिकवते. अब्बांनीच हट्टाने मला मराठी शाळेत घातलं होतं, त्यामुळे तुम्ही कितीही सविस्तर लिहिलंत तरी मला कळेल.

तुमची,
अफीफा


नागपूर
२१ नोव्हेंबर २००६

चि. अफीफा हिला अनंत पिंपळापुरे याचे आशीर्वाद.

बेटा, पाकिटावरचं नाव बरोबर होतं. पत्र वाचलं. पण तू समजतेस तेवढं घाबरण्यासारखं काही नाही.

महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांसमोर आण. पाचांतले चार भाग काळा पाषाण आहे, तुमच्या भिवंडीच्या खाणींत निघतो तोच. त्यात डॉक्टर म्हणतात ती घातक चीज, म्हणजे गारगोटीची सिलिका, नावालाच असते. खनिजं आहेत ती बहुतेक कडेच्या जिल्ह्यांत. तिथे आम्ही पावसाळा सरला की तंबू घेऊन जायचो आणि मे अखेर परत यायचो. हसन माझ्या सर्वेक्षण पार्टीत १९८१ मध्ये आला. पहिले दोन हंगाम ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांत काळा पाषाण. १९८५ पासून वणीकडे चुनखडी, नंतर कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर बॉक्साइट, पुढे चंद्रपूरला कोळशाच्या पट्ट्यात बोअरवेलची कामं. १९८८ नंतर तो जीपवर गेला आणि हातोडी सुटलीच. हे सगळं वेगळ्या कागदावर सही करून सोबत ठेवलं आहे. डॉक्टरांना दाखव.

हसनसारखा माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. त्याला दूध आणि अंडी देत जा. कपभर चहावर दिवस काढायची त्याची सवय मला माहीत आहे.

तुझा,
साहेबकाका


कामतघर, भिवंडी
४ डिसेंबर २००६

आदरणीय साहेबकाका,

तुमचा कागद डॉक्टरांना दाखवला. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. म्हणाले, यातलं काहीच फार वाईट नाही. त्यांनी थुंकी पुन्हा घेतली आणि मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथे जंतू वाढतात का ते पाहतात म्हणे, त्याला दोन महिने लागतात. फार आशा ठेवू नका, असंही म्हणाले.

घरी आल्यावर मी यादी अम्मीला वाचून दाखवली. अम्मी तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. म्हणाली, "आणि तू झालीस तेव्हा ते कुठे होते?"

माझा जन्म डिसेंबर १९८४ चा. अम्मीला पक्कं आठवतंय की मामूंनी तार कणकवलीला केली होती आणि अब्बा पाचव्या दिवशी आले. सगळ्या अंगावर पांढरी भुकटी होती, म्हणून नानीने त्यांना आधी आंघोळ करायला लावली आणि मगच मला हातात दिलं. तुमच्या यादीत १९८३ चा मे संपतो आणि एकदम १९८५ चा ऑक्टोबर येतो. कणकवलीचं नाव त्यात कुठेच नाही.

काका, तुम्ही मुद्दाम गाळलंत असं मी म्हणत नाही. एखादी डायरी सापडली नसेल. पण मला धीर नको आहे, पूर्ण यादी हवी आहे. चुकीच्या कागदावरून डॉक्टर काही ठरवून बसले तर ते मला आयुष्यभर टोचेल.

तुमची,
अफीफा


नागपूर
१२ डिसेंबर २००६

चि. अफीफा,

डायरी हरवलेली नाही. ती कपाटातच होती. मागचं पत्र लिहिताना ती माझ्या मांडीवर होती आणि मी ती उघडली नाही.

ते दोन हंगाम कणकवली तालुक्यात कासार्डे गावाच्या शिवारात गेले. तिथे काचेच्या कारखान्यांना लागते ती सिलिका वाळू आहे आणि तिच्याखाली गारगोटीसारखा पांढरा दगड. तो पट्टा किती लांब, किती खोल, किती शुद्ध, हे ठरवून नकाशावर आणायचं काम माझ्याकडे होतं. जवळजवळ शुद्ध सिलिका, बेटा. तुझे डॉक्टर विचारत आहेत ती हीच.

दोन हंगामांत आम्ही अकराशे चाळीस नमुने गोळा केले. ते कुटून, चाळून नागपूरच्या प्रयोगशाळेला पाठवायचे होते. पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली होती. तीन बाजू बंद. त्यात लोखंडी खल मांडला आणि कुटायला हसनला बसवलं. बाकीचे नमुन्यांची सरमिसळ करायचे, हसन कधी करायचा नाही, म्हणून मी त्याला निवडलं. त्याच्या चांगुलपणाचं हे फळ.

तोंडाला लावायच्या मुखवट्यांसाठी मी वर पत्र लिहिलं होतं. गमछा बांधावा असं उत्तर आलं. मी दुसरं पत्र लिहिलं नाही. आणखी एक सांगायचं राहतं, तेच सगळ्यांत जड आहे. शेडच्या दारावर मी माझ्या हाताने सूचना लिहून चिकटवली होती: नमुन्यांना पाण्याचा स्पर्श होता कामा नये. पाण्याने धूळ बसते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नमुना बिघडला तर माझा नकाशा चुकेल, एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता.

पुढे तो नकाशा छापला गेला, माझं कौतुक झालं, बढती मिळाली. तुझं पत्र येईपर्यंत शेडची आठवण मला दहा वर्षांत झाली नव्हती.

हे पत्र डॉक्टरांना दाखव. हसनला दाखवायचं की नाही ते तू ठरव. त्याने माझं तोंड पाहू नये असं ठरवलं तर मला ते मान्य आहे.

अनंत पिंपळापुरे


नागपूर
२२ जानेवारी २००७

चि. अफीफा,

सहा आठवडे झाले. टपाल हरवलं म्हणावं तर रजिस्टरची पोचपावती आली आहे, तिच्यावर तुझी सही आहे. तेव्हा उत्तर न देण्याचं कारण मी समजलो आहे आणि त्यात तुझी चूक नाही.

एवढंच कर, हसन कसा आहे ते एका पोस्टकार्डावर लिही. एक ओळ पुरे. इथल्या एका फुफ्फुसतज्ज्ञाला मी भेटून आलो आहे. हसनला नागपूरला आणता येत असेल तर राहण्याची आणि उपचाराची व्यवस्था मी करीन.

अ. पिंपळापुरे


कामतघर, भिवंडी
३० जानेवारी २००७

साहेबांना हसनचा सलाम.

अफीफाचा काय बी दोष न्हाय. तुमचं पत्र तिने मला दिलं. मी वाचलं, उशीखाली ठेवलं आणि तिला सांगितलं की मी सांगेपर्यंत साहेबांना लिवायचं न्हाय आणि डॉक्टरला बी दाखवायचं न्हाय. पोरीने ऐकलं. घरात दीड महिना कोणी कोणाशी धड बोलत न्हाय. बायको, माजिदा, म्हणते साहेबांवर राग धरलास. राग न्हाय, साहेब. मला भ्या वाटत व्हतं. ते तुम्हाला आज सांगून टाकतो.

कासार्ड्याला कुटायला बसलो, पयल्या तीन दिवसांतच माझी छाती भरून आली. शेडमंदी समोरची भिंत दिसंना. मला आमच्या बापाची लूमची शेड आठवली. तिथं सूत तुटू नये आणि रुईचा फुफाटा खाली बसावा म्हणून रोज सकाळी पाणी मारायचे. चौथ्या दिवशी मी विहिरीवरून बादली आणली. तुमची सूचना दारावर व्हती, मला वाचता येत व्हतं. तरी दगड बादलीत बुडवला, खलात टाकला, वर ओलं बारदान धरलं आणि कुटला. धूळ उडालीच न्हाय.

मग रोज तसंच केलं. दोन्ही हंगाम. एका पिशवीचं पाणी दुसऱ्या पिशवीला कधी वापरलं न्हाय. दर नमुन्याला नवं पाणी आणायचो. बादलीच्या तळाला जो गाळ बसायचा तो बी निथळून त्याच नमुन्यात परत घालायचो, म्हंजे वजन कमी व्हायला नको. शेडच्या मागं ताडपत्रीवर उन्हात वाळवायचो आणि कोरडं झालं की पिशवीत भरायचो. तुमची जीप लांबून ऐकू यायची, तेवढ्यात ताडपत्री गुंडाळायला वेळ मिळायचा. अफीफा झाली तेव्हा अंगावर व्हती ती भुकटी कोरडे नमुने भरतानाची. तार आली तशी पिशव्या बांधून निघालो, अंग धुवायला थांबलो न्हाय.

तुम्ही एकदा शेडमंदी येऊन म्हणाला व्हता, हसन, तुझी शेड किती साफ असते. त्या दिवशी मी जेवलो न्हाय.

पुढं नकाशा छापून आला. हापिसात पेढे वाटले. तुमचं कौतुक झालं आणि मला वाटलं की हे सगळं खोटं हाय, माझ्या पाण्याने खोटं झालंय. कोणी तरी तिथं खाण घेईल, कारखाना काढील, माल निघणार न्हाय, आणि साहेबांचं नाव जाईल. बावीस वर्षं मनात हेच हाय. डॉक्टरला सांगितलं असतं तर तो लिवणार, कागद खात्यात जाणार. या वयात तुमची चौकशी लागली तर मी कुठं तोंड दाखवू?

आता तुम्ही माझ्या छातीसाठी स्वतःला कोसताय, ते मला बघवत न्हाय. म्हणून लिवलं. एकच खरं सांगा, साहेब. नकाशा चुकला का?

हसन


नागपूर
५ फेब्रुवारी २००७

प्रिय हसन,

नकाशा चुकलेला नाही. हे वाक्य पुन्हा वाच आणि मग पुढे चल.

प्रयोगशाळेत नमुना पोचला की सगळ्यांत आधी तो भट्टीत ठेवतात. त्यात जे काही पाणी असेल ते पार उडून जातं आणि मगच तपासणी सुरू होते. सिलिका पाण्यात विरघळून जाणारी चीज नाही. गाळ वाहून गेला असता तर आकड्यांत थोडा फरक पडला असता, पण तो तू परत घातलास. एका नमुन्याचं पाणी दुसऱ्याला लागलं असतं तर गोंधळ झाला असता, पण तू प्रत्येक वेळी नवं पाणी आणलंस. अकराशे चाळीस वेळा, हसन. मला अक्कल असती तर मीच तुला हे असं करायला सांगितलं असतं.

तुझं समाधान नुसत्या माझ्या बोलण्याने होणार नाही, म्हणून सांगतो. १९९१ मध्ये दुसऱ्या एका पार्टीने त्याच पट्ट्यात नव्याने नमुने घेऊन पडताळा केला होता. आमचे आकडे आणि त्यांचे आकडे जुळले. तो अहवाल माझ्याकडे आहे. त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. तेव्हाच तुला दाखवायला हवी होती. पण तू जीप चालवत होतास, आणि ड्रायव्हरला अहवाल दाखवावा हे मला सुचलंच नाही.

त्या साफ शेडचं कौतुक केलं ते मलाही आठवतं. आत धूळ का नाही, असा प्रश्न भूविज्ञान शिकलेल्या माणसाला पडायला हवा होता. मला वाटलं, हसन झाडतो छान.

साहेबाचा लेखी हुकूम दोन हंगाम मोडलास. मी नोकरीत असतो तर तुला मेमो दिला असता. आज पत्र वाचल्यावर मी देवघरात जाऊन बसलो. मी सहसा तिकडे फिरकत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटलं मला बरं नाही.

आता माझं ऐक. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा. माझं डिसेंबरातलं पत्र, तुझं पत्र, जे सोबत परत पाठवतो आहे, आणि हे उत्तर, तिन्ही त्यांच्यासमोर ठेव. काहीही लपवू नकोस. चौकशीबिकशी काही होत नाही, आणि झाली तर मी आहे.

तुझा,
अनंत पिंपळापुरे


कामतघर, भिवंडी
१० मार्च २००७

साहेबकाका,

आधी बातमी सांगते. अब्बांना टीबी आहे.

हे वाक्य मी हसत लिहिते आहे, यावरून काय ते ओळखा.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी अब्बा स्वतःहून चप्पल घालून उभे राहिले. डॉक्टरांनी तिन्ही पत्रं वाचली, अब्बांचं तर दोनदा. मग नवीन एक्स-रे काढून जुन्याच्या शेजारी प्रकाशात लावला आणि मला बोटाने दाखवलं. दगडाच्या धुळीचे डाग वर्षानुवर्षं तसेच राहतात म्हणे, अब्बांचे तीन महिन्यांतच बदलले होते. तरी ते म्हणाले, मुंबईचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू. तो गेल्या शुक्रवारी आला. जंतू वाढले होते. डॉक्टरांनी खुर्ची मागे सारली आणि अब्बांना म्हणाले, "चाचा, सहा महिने गोळ्या खायच्या. एकही चुकवायची नाही. मग तुम्ही मोकळे." अब्बांनी विचारलं, आणि दगड? ते म्हणाले, दगडाचं काही दिसत नाही. पाणी मारलंत तेच कामी आलं.

घरी आलो तर अम्मी दारातच होती. तिला सांगितलं तशी ती रडायला लागली आणि अल्लाचे आभार मानायला लागली. शेजारच्या रंगूबाई धावत आल्या. काय झालं विचारलं तर अम्मी म्हणते, "टीबी निघाला, टीबी." रंगूबाईंना कळेना की हिला आवरावं की हिच्याबरोबर रडावं. शेवटी त्यांनी साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली.

सोमवारपासून गोळ्या सुरू झाल्या. आठवड्यातून तीन दिवस सरकारी केंद्रात जायचं आणि तिथल्या बाईंसमोर गिळायच्या. अब्बांना मळमळतं, पण वेळ चुकवत नाहीत. आम्हा सगळ्यांचीही तपासणी झाली, कोणाला काही नाही.

तुम्ही जोडलेली इंग्रजी झेरॉक्स अब्बांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. आकडे जुळले, त्या ओळीला प्रत्येक वेळी थांबवत होते.

काका, डिसेंबरात मी तुम्हाला फार कोरडं लिहिलं. ते मनात ठेवू नका.

तुमची,
अफीफा


कामतघर, भिवंडी
९ सप्टेंबर २००७

साहेबांना हसनचा सलाम.

गोळ्या संपल्या. परवा डॉक्टरने थुंकी तपासली, एक्स-रे काढला, कार्डावर शिक्का मारला आणि म्हणाला की आता इकडं यायचं न्हाय. साडेसात किलो वजन वाढलंय. काल रिक्षा न करता चालत बाजारात गेलो, मासळी घेऊन परत आलो. माजिदा खिडकीतून बघत व्हती, मला वाटलं ओरडेल. तिने मासळी घेतली आणि ती आत गेली.

आता एक गोष्ट, जी अफीफाने तुम्हाला लिवली न्हाय आणि मला बी सांगितली न्हाय. तिचं लग्न मागच्या ऑक्टोबरात ठरलं व्हतं. मुलगा अरशद, कोन गावचा, शाळेतच मास्तर हाय. माझा एक्स-रे झाला त्या आठवड्यात ती एकटी कोनला गेली आणि त्यांच्या घरी सांगून आली की अब्बाला बरं वाटल्याबिगर मी येणार न्हाय, तुम्हाला थांबायचं नसेल तर दुसरी बघा. मला घरात सांगितलं की त्यांच्याकडं कोणी तरी वारलंय म्हणून पुढं ढकललं. मी बी खरं मानलं. परवा शिक्का बसला त्या संध्याकाळी अरशद आणि त्याचे वडील मिठाई घेऊन आले, तेव्हा बोलण्यात हे निघालं. मी पोरीकडं बघितलं. ती भांडी घासायला उठून गेली. त्या माणसांनी एक वर्ष वाट बघितली, साहेब, आणि एकदा बी तोंड वाकडं केलं न्हाय.

निकाह ईदनंतर, अठरा नोव्हेंबरला हाय. तुम्हाला यायचंच हाय. सतराला सकाळी कल्याणला उतरा. बाहेर येऊन रिक्षा करू नका, ते पैसे जास्त सांगतात. स्टेशनासमोर मी उभा असेन. भावाने जुनी जीप घेतलीय, ती मी मागून घेतलीय. डॉक्टरला विचारलं, गाडी चालवू का, तर म्हणाला खुशाल चालवा. कोनवरून घरी पोचायला अर्धा तास लागतो, रस्ता खराब हाय. मी सावकाश आणीन.

आता तुम्ही साहेब न्हाय आणि मी ड्रायव्हर न्हाय. बोलत येऊ.

हसन